'हाउस ऑफ द डेड : ओव्हरकिल' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झॉम्बींवर गोळ्या झाडायचे गेम ढीगभर आहेत. त्यातला 'ओव्हरकिल' मला सगळ्यात प्रिय. मित्रमंडळी, त्यांची भावंडं, नवा कॉम्प्युटर घेतलेले ओळखीचे, सगळे त्याच्याबद्दल तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. कथेचा शेवट कुठेही फोडलेला नाही.

हा गेम नेमका काय प्रकार आहे?

आर्केडमधल्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांवरल्या, पद्धतीचा रेल शूटर. म्हणजे चालणं, वळणं, दार उघडणं हे सगळं गेम स्वतः करतो. तुमच्याकडे फक्त नेम धरणं, गोळी झाडणं आणि वेळेवर बंदूक भरणं उरतं. लंडनच्या हेडस्ट्राँग गेम्सने तो बनवला, जपानच्या सेगा कंपनीने प्रकाशित केला आणि फेब्रुवारी २००९मध्ये निन्टेन्डोच्या वी या टीव्हीला जोडायच्या गेम यंत्रावर तो पहिल्यांदा आला. मूळ मालिका जपानी, हा गेम मात्र ब्रिटिश लोकांनी केलेला, आणि त्यांनी मांडलेली दुनिया अमेरिकेतल्या लुइझियानाची. तिघांची ही खिचडी त्याच्या विनोदात पुरेपूर उतरली आहे.

मी फक्त सायबर कॅफेतला 'हाउस ऑफ द डेड' खेळलोय. हा त्यातलाच का?

त्याच घराण्यातला, पण तो नव्हे. पहिला भाग सेगाच्या आर्केड यंत्रावर नव्वदच्या दशकाच्या मध्याला आला आणि १९९८मध्ये पीसीवर. दुसरा भाग आर्केडला १९९८मध्ये आणि पीसीवर २००१मध्ये. आपल्याकडे बहुतेकांनी हे दोन पाहिले ते कॅफेतल्या कॉम्प्युटरवर, माउस धरून, शेजारी दोघे-तिघे डोकावत असताना. पहिल्यात क्युरियन नावाच्या शास्त्रज्ञाचा वाडा होता, दुसऱ्यात व्हेनिसचे कालवे. दुसऱ्या भागातले संवाद इतक्या सपाट आवाजात म्हटलेले आहेत की ते जगभर चेष्टेचा विषय झाले. ती चेष्टा ठरवून केलेली नव्हती. ओव्हरकिलच्या लेखकांनी तीच गोष्ट जाणूनबुजून, पूर्ण तयारीनिशी केली.

आधीचे भाग खेळलेले नसतील तर कथा कळेल का?

हो. ही त्या भागांच्याही आधी घडणारी कथा आहे. साल १९९१, ठिकाण बायू सिटी नावाचं काल्पनिक गाव. पहिल्या भागातला एजंट जी इथे नवखा आहे, अजून इस्त्रीची घडी न मोडलेला. त्याच्या जोडीला डिटेक्टिव्ह आयझॅक वॉशिंग्टन. पापा सीझर नावाच्या गुंडाने वॉशिंग्टनच्या बापाचा जीव घेतला, त्याचा सूड त्याला घ्यायचा आहे. वाटेत व्हार्ला गन्स भेटते. तिचा भाऊ जॅस्पर याच प्रकरणात अडकलेला. आणि सगळ्याच्या मागे तुरुंगाधिकारी क्लेमंट डार्लिंग, ज्याचं आपल्या आईवरचं प्रेम जरा जास्तच आहे. एवढं पुरे. वाडा, हॉस्पिटल, जत्रा, रेल्वे, दलदल, तुरुंग आणि शेवटचा अड्डा असे सात टप्पे आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी एक मोठा राक्षस.

तुम्ही पूर्वीचे भाग खेळला असाल तर एक जादा मजा मिळते. तिथे एजंट जी हा दगडासारखा गंभीर माणूस होता. तो तसा का झाला असेल, हे या रात्रीनंतर नीट समजतं.

इतकं रक्त, इतके तुटलेले हातपाय. याला विनोदी कसं म्हणायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो रास्तच आहे.

साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेत स्वस्तातले सिनेमे निघायचे. पैसा थोडा, रक्त भरपूर, पोस्टर भडक, आणि जाहिरातीत घोगऱ्या आवाजाचा एक माणूस आता जग बुडणार अशा थाटात बोलायचा. ओव्हरकिलने तो सगळा थाट उचलला आहे. प्रत्येक टप्प्याला सिनेमाचं शीर्षक आहे, त्याची झलक लागते, घोगरा आवाज येतो, पडद्यावर रिळावरचे ओरखडे दिसतात. जे दिसतंय ते एका फालतू सिनेमातलं आहे हे गेम तुम्हाला क्षणभरही विसरू देत नाही. त्यामुळे डोकं फुटलं तरी पोटात गोळा येत नाही. रंगाचा फुगा फुटल्यासारखं वाटतं.

दुसरं कारण वेळेचं. विनोद वेळेवर उभा असतो आणि आर्केड शूटरही वेळेवरच उभा असतो. दार उघडतं, दोन सेकंद शांतता, मग नर्सच्या कपड्यातला म्युटंट धावत येतो, (इथे त्यांना सगळे म्युटंटच म्हणतात), तुम्ही गोळी झाडता आणि तो अपेक्षेपेक्षा तिप्पट जोरात फुटतो. ती अतिशयोक्तीच हशा काढते. खऱ्या माणसाला गोळी लागल्यावर जे होतं त्याच्याशी या दृश्याचा काहीही संबंध नाही आणि गेम तसं भासवतही नाही.

तिसरं म्हणजे वॉशिंग्टन आणि एजंट जीची जोडी. एक शिव्यांच्या माळा लावणारा, दुसरा सरकारी भाषेत शांतपणे उत्तर देणारा. आपल्या तमाशातल्या बतावणीला जे कळलं होतं तेच इथे आहे: दोघांपैकी एकाने चेहरा सरळ ठेवला तरच दुसऱ्यावर हसू येतं.

तरीही एखाद्याला रक्त बघवत नसेल तर त्याला आग्रह करू नका. विनोद सुरू होण्याआधीच त्याची संध्याकाळ संपलेली असते.

शिव्या खरंच इतक्या आहेत का? कोणी म्हणालं विक्रम झालाय.

झाला होता. एक विशिष्ट इंग्रजी शिवी या गेममध्ये १८९ वेळा येते आणि व्हिडिओ गेममधल्या सर्वाधिक शिव्यांसाठी गिनीजने त्याची नोंद घेतली होती. पुढे दुसऱ्या गेमने तो मागे टाकला. बहुतेक वाटा वॉशिंग्टनचा. तो शिवीचा स्वल्पविराम म्हणून वापर करतो, आणि जोनाथन बरोज यांनी ते संवाद लिहिताना शिव्यांना ताल दिला आहे. सुरुवातीला कानाला टोचतं, तिसऱ्या टप्प्यापर्यंत तो त्याचा बोलण्याचा सूरच वाटायला लागतो. घरात आजी बसलेली असेल तर हेडफोन लावा.

मुलांना देऊ का?

नाही. युरोपात १८ वर्षांवरील, अमेरिकेत १७ वर्षांवरील असं प्रमाणपत्र आहे आणि दोन्ही योग्य आहेत. रक्ताचं एक वेळ सोडा. भाषा आणि शेवटचा टप्पा हे निव्वळ मोठ्यांसाठी आहेत.

मेलं तरी लगेच पुढे चालू करता येतं म्हणे. मग हरण्याची भीतीच नाही, त्यात कसली मजा?

इथे बहुतेक लोक गेम चुकीचा समजून सोडून देतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आर्केडमध्ये मेलं की नाणं टाकावं लागायचं. यंत्राचा धंदाच त्यावर. घरच्या गेममध्ये नाणं कुठून आणायचं? ओव्हरकिलने त्याचं उत्तर फार हुशारीने शोधलं: मेलात तर पुढे जा, किंमत म्हणून तुमचा निम्मा स्कोअर कापला जाईल. म्हणजे फक्त शेवट बघायचा असेल तर कुणीही बघू शकतो. ज्याला स्कोअरची आच आहे त्याला मात्र टप्प्याच्या शेवटी, राक्षसासमोर, एका चुकीत अर्धी कमाई जाताना बघावी लागते. ती भीती नाण्याच्या भीतीपेक्षा जास्त चावते.

आणि स्कोअर येतो कुठून? साखळीतून. लागोपाठ गोळ्या लागत गेल्या की गुणक वाढत जातो, एक गोळी वाया गेली की तो तुटतो. साखळी पूर्ण चढली की त्या अवस्थेला गेमने 'गोरगॅझम' असं निर्लज्ज नाव दिलंय आणि पडद्यावर चक्क अमेरिकेचा झेंडा फडकतो. तिथे पोचल्यावर तुमचा खेळच बदलतो. आधी तुम्ही भीतीने झाडत होता, आता एकेक गोळी मोजून झाडता. डोक्याला लावायची की दुसरा जवळ येतोय म्हणून त्याला आधी अडवायचं, पेला-बादली जे हलेल त्यावर गोळी घालवायची की हात आवरायचा, असे निर्णय दर सेकंदाला घ्यावे लागतात. हा गेम पहिल्यांदा संपतो तेव्हा तुम्ही फक्त सिनेमा पाहिलेला असतो. खेळ त्यानंतर सुरू होतो.

कथा एकदा संपली की 'डायरेक्टर्स कट' उघडतो. त्यात टप्पे लांबतात आणि पुन्हा उठण्याच्या संधी मोजक्या असतात. मरणाची भीती हवी असलेल्यांनी तिथे जावं.

स्कोअर वाढवायला काय करू?

डोकं. नेहमी डोकं. अंगात चार गोळ्या घालण्यापेक्षा थांबून डोक्यात एक घाला.

टप्पा संपल्यावर पैसे मिळतात आणि दुकानातून बंदुका घेता येतात, असलेली सुधारता येते. सगळ्यांचा हात आधी भडाभडा झाडणाऱ्या बंदुकीकडे जातो. ती राक्षसांसाठी ठीक, पण साखळीची वैरीण आहे, कारण तिच्या निम्म्या गोळ्या हवेत जातात. सुरुवातीलाच मिळालेल्या पिस्तुलावर पैसे खर्च करा. एकाच बंदुकीची भरण्याची गती आणि मॅगझिनची क्षमता वाढवत नेणं हे पाच अर्ध्याकच्च्या बंदुकांपेक्षा कधीही बरं.

म्युटंट समोर असताना बंदूक रिकामी होऊ देऊ नका. कॅमेरा वळतोय असं दिसलं की दोन गोळ्या शिल्लक असल्या तरी भरून घ्या. कॅमेऱ्याचं वळण हीच विश्रांती आहे, दुसरी मिळत नाही. वेळ संथ करणारी वस्तू दिसली तर ती गर्दीच्या आधी फोडा, गर्दी संपल्यावर तिचा उपयोग नाही. साध्या नागरिकांना वाचवा. आणि सोन्याचे मेंदू लपवलेले आहेत ते टिपत चला, त्यातून जादा गोष्टी उघडतात.

राक्षसांना त्यांचं मर्मस्थान असतं आणि गेम ते खूण करून दाखवतो. तिथे घाई केली की नुकसानच होतं.

दोघांनी खेळता येतो?

येतो, आणि मी तर म्हणेन दोघांनीच खेळा. शेजारी बसून, एकाच पडद्यावर. पडदा डावा-उजवा वाटून घ्या. दोघांनी एकाच डोक्यावर नेम धरला तर पहिल्याची गोळी लागते, दुसऱ्याची हवेत जाते आणि त्याची साखळी तुटते. मग जी बाचाबाची होते ती वॉशिंग्टन आणि एजंट जीच्या तोडीची असते. 'माझा होता तो!' हे वाक्य त्या रात्री सगळ्यात जास्त वेळा ऐकू येईल.

माझ्याकडे जुनी लाइट गन आहे. आताच्या टीव्हीवर का चालत नाही?

जुन्या, मागे पोट असलेल्या टीव्हीत चित्र एकदम उमटत नसे. इलेक्ट्रॉनचा एक झोत वरून खाली, ओळीओळीने काचेवर फिरत चित्र काढत असे, सेकंदाला पन्नास-साठ वेळा. लाइट गन प्रत्यक्षात काहीच फेकत नाही. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा छोटा घटक असतो. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर पांढरा होतो, बंदुकीला जिथे रोखलंय तिथला झोत दिसतो, आणि फ्रेम सुरू झाल्यापासून किती वेळाने तो दिसला यावरून यंत्र जागा काढतं. किती ओळी झाल्या म्हणजे उंची, त्या ओळीत किती पुढे गेला म्हणजे आडवी जागा. फार सुंदर युक्ती आहे. एलसीडीत असा फिरता झोत नाही, शिवाय टीव्ही चित्र दाखवण्याआधी थोडा वेळ खातो, त्यामुळे सगळा हिशेब कोलमडतो.

वीने याच्या उलट रस्ता धरला. रिमोटच्या तोंडाशी इन्फ्रारेड कॅमेरा आहे आणि टीव्हीवर ठेवायची 'सेन्सर बार' ही नावापुरती सेन्सर. ती कसलीही नोंद घेत नाही, तिच्यात फक्त इन्फ्रारेड दिवे आहेत. रिमोट ते दोन ठिपके बघून स्वतः कुठे रोखलाय ते ओळखतो. म्हणूनच बार बिघडली तर दोन मेणबत्त्यांवरही काम भागतं, आणि टीव्हीमागे खिडकीतून ऊन येत असेल तर नेम भरकटतो. खिडकीचा पडदा ओढून घ्या.

सोनीच्या पीएस३ (प्लेस्टेशन ३) या गेम यंत्राच्या मूव्ह कंट्रोलरवर चमकणारा गोळा असतो आणि टीव्हीजवळचा कॅमेरा त्याला बघतो. म्हणजे तिथे डोळा टीव्हीकडे, वीत डोळा तुमच्या हातात. आजच्या टीव्हीवर पीसीला जोडायला सिन्डनसारख्या नव्या बंदुका मिळतात. त्या चित्राभोवती पांढरी चौकट काढतात आणि बंदुकीतला कॅमेरा ती चौकट शोधतो.

बंदूक भरायला पडद्याबाहेर झाडायचं ना?

ते पहिल्या दोन भागांच्या आर्केड यंत्रांवर. चौथ्या भागात बंदूक हलवायची. मॉलमधल्या गेम झोनमध्ये लोक बंदूक झटकताना दिसतात ते यासाठी. ओव्हरकिल घरचा गेम असल्यामुळे साधं बटण आहे.

कुठली आवृत्ती घेऊ?

वी असेल तर वीची. रिमोट हातात बंदुकीसारखा बसतो आणि गेम त्याच्यासाठीच बनला आहे. गर्दी झाली की चित्र अडखळतं आणि टप्प्यांमधली वाट बघण्याची वेळ लांब आहे, या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत.

पीएस३ची 'एक्स्टेंडेड कट' २०११मध्ये आली. चित्र स्वच्छ झालं आणि दोन नवे टप्पे वाढले, ज्यात व्हार्ला आणि कँडी स्ट्रायपर या दोघींना घेऊन खेळायचं. मूव्ह कंट्रोलर असेल तरच घ्या. साध्या कंट्रोलरच्या काडीने नेम धरणं म्हणजे या गेमचा जीव काढून घेणं.

आज आपल्याकडे सगळ्यात सोयीची पीसीची. ती 'टायपिंग ऑफ द डेड : ओव्हरकिल' या नावाने २०१३मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आली. नाव टायपिंगचं असलं तरी मूळ गोळीबाराचा गेमही तिच्यात आहे आणि माउसने खेळता येतो. माउसने नेम धरणं फार सोपं जातं, म्हणून थेट वरची काठिण्यपातळी निवडा.

टायपिंगचा झॉम्बी गेम? म्हणजे काय?

म्हणजे अगदी तेच. म्युटंटच्या छातीवर शब्द येतो, तो टाइप केला की म्युटंट मरतो. ही कल्पना १९९९ची. सेगाने 'हाउस ऑफ द डेड २' तसाच ठेवून बंदुकांच्या जागी कीबोर्ड दिले, आणि त्यातले नायक गळ्यात कीबोर्ड अडकवून, पाठीवर सेगाचंच ड्रीमकास्ट हे गेम यंत्र बांधून व्हेनिसमध्ये फिरतात. कुणीही त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. माझ्या मते गेमच्या इतिहासातला हा सर्वोत्तम विनोदांपैकी एक आहे.

२०१३च्या आवृत्तीत खेळाडू स्वतःचे शब्दसंग्रह बनवून टाकू शकतात. शेक्सपिअरच्या भाषेचा एक वेगळा संच विकत मिळतो. अंगावर धावून येणारा, तोंडातून लाळ गळणारा प्राणी आणि त्याच्यावर चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी, हे एकदा तरी अनुभवा.

याने टायपिंगच्या परीक्षेला मदत होईल का?

एका बाबतीत नक्की: कीबोर्डकडे बघायची सवय सुटते. खाली बघितलंत की चावा बसतो. बोटांना अक्षरांची जागा आपोआप कळायला लागते आणि कठीण स्पेलिंगची भीती जाते.

पण राज्य परीक्षा परिषदेच्या परीक्षेत मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांच्या गतीने सलग उतारा टाइप करायचा असतो. पत्र, तक्ता नीट मांडायचा असतो. गेममध्ये सुटे शब्द आणि छोटी वाक्यं येतात, मध्ये कॅमेरा वळतो तेवढी बोटांना विश्रांतीही मिळते. सलग दहा मिनिटं लय टिकवण्याचा सराव यात होत नाही. शिवाय सगळं इंग्रजीत, म्हणजे मराठी टायपिंगच्या विद्यार्थ्यांना उपयोग शून्य. क्लास बुडवून खेळू नका. क्लासहून आल्यावर अर्धा तास खेळा.

बायकांचं चित्रण खटकतं. तुम्हाला नाही खटकत?

खटकतं. व्हार्ला ही क्लबमध्ये नाचणारी, तोकड्या कपड्यातली, आणि कॅमेरा तिच्याकडे जसा बघतो त्याची टिंगल करण्याचा आव आणत गेमही तसाच बघतो. ज्या सिनेमांची नक्कल केली आहे ते असेच होते हे खरं, पण नक्कल करताना काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं. एक्स्टेंडेड कटमध्ये तिच्या हातात बंदूक येते आणि ती मजेशीर बोलते. कपडे आणि कॅमेरा तेच राहतात. शेवटच्या टप्प्यातही विनोद जिथे जातो तिथे तो धाडसापेक्षा किळसवाणा जास्त वाटतो. गेम आवडतो म्हणून हे झाकून ठेवणार नाही.

किती वेळाचा आहे?

एक संध्याकाळ. तीन-चार तासांत कथा संपते. आर्केड गेमसाठी हे खूप झालं.

फोनवर मिळेल का?

'लॉस्ट रील्स' नावाने २०१३मध्ये आला होता, नंतर काढून टाकला गेला. आणि बोटाने पडद्यावर टोचून नेमबाजी होत नाही, त्यामुळे हळहळू नका.

संपला. आता काय खेळू?

पहिल्या भागाची नवी घडण २०२२मध्ये आली आणि दुसऱ्याची २०२५मध्ये. ज्यांनी मूळ खेळले आहेत त्यांनी दुसऱ्यापासून सुरुवात करा, व्हेनिस अजूनही या मालिकेतलं सगळ्यात छान ठिकाण आहे. मोठ्या शहरातल्या गेम झोनमध्ये चौथा भाग किंवा २०१८चं 'स्कार्लेट डॉन' दिसलं तर कार्ड भरून घ्या आणि जोडीदाराला घेऊन आत शिरा. जाण्याआधी बंदूक दोनदा रोखून बघा. झोनमधल्या बंदुकांचा नेम बऱ्याचदा सरकलेला असतो, आणि तो कुठल्या बाजूला सरकलाय हे पहिल्या दहा सेकंदांत ओळखलंत तर बरेच पैसे वाचतात.